पिशवी काढल्यानंतर लघवी गळू लागली तर

पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याचं ऑपरेशन नीट झालं, टाके कोरडे आहेत, चौथ्या-पाचव्या दिवशी घरीही सोडलं. मग आठव्या, दहाव्या, कधी चौदाव्या दिवशी सकाळी उठताना परकर चिंब असतो. आधी वाटतं, झोपेत झालं असेल. दुपारपर्यंत पुन्हा कपडे बदलावे लागतात. खोकला नाही, शिंक नाही, घाईही लागलेली नाही. बसल्या जागी आपोआप गळतंय. घरातल्या जाणत्या बायका सांगतात, "पिशवी काढली की पाणी जातंच अंगावरून, अशक्तपणा आहे, महिनाभरात थांबेल." कधीकधी दवाखान्यातूनही हेच उत्तर मिळतं. मग घड्या, पॅड, डायपर सुरू होतात, लग्नकार्याला जाणं बंद होतं, आणि काही जणींची वर्षंच्या वर्षं अशीच जातात.

हे दुरुस्त होतं. ऑपरेशनने बहुतेकींचं पूर्ण थांबतं. मात्र ते केव्हा आणि कोणाच्या हातून करून घ्यायचं यात घाईही नडते आणि दिरंगाईही. पहिली दुरुस्ती ही सगळ्यात मोठी संधी असते. मूत्राशयाला पडलेल्या साध्या, लहान भोकाची पहिली दुरुस्ती अनुभवी हातांत शंभरातल्या 85 ते 95 जणींत यशस्वी होते. ती फसली की आतला भाग व्रणाने घट्ट होतो, रक्तपुरवठा कमी होतो, आणि पुढच्या माणसाचं काम अवघड होऊन बसतं. म्हणून ती पहिली संधी जपायची कशी, यावरच या लेखात भर आहे.

भोक पडतं कसं

मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी, गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला टेकून असते. गर्भाशय काढताना ती सोडवून खाली सरकवावी लागते. आधीची सिझेरियन झालेली असतील तर ती जागा व्रणाने चिकटलेली असते आणि सोडवताना पातळ पडदा फाटू शकतो. कधी योनीमार्गाचं वरचं टोक शिवताना टाका चुकून मूत्राशयात शिरतो. कधी रक्त थांबवण्यासाठी वापरलेल्या विजेच्या उपकरणाची धग शेजारच्या भागाला लागते. भोक पडलेलं त्याच वेळी दिसलं आणि शिवलं, आठ-पंधरा दिवस नळी ठेवली, तर बहुधा पुढचं काहीच घडत नाही. म्हणून "मूत्राशयाला छेद गेला होता, शिवला आहे, नळी जरा जास्त दिवस राहील" असं स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरवर रागावू नका; त्यांनी तुमचं पुढचं दुखणं वाचवलेलं असतं. त्रास न दिसलेल्या इजेचा होतो. भाजलेला किंवा टाक्यात आवळला गेलेला भाग हळूहळू मरतो, आठ-दहा दिवसांनी गळून पडतो, आणि मूत्राशय व योनीमार्ग यांच्यात आरपार वाट तयार होते. इजा ऑपरेशन टेबलावर झालेली असूनही गळती घरी आल्यावर सुरू होते ती यामुळे.

या वाटेला फिस्टुला म्हणतात. गुदद्वाराजवळच्या भगंदरालाही हेच नाव असल्यामुळे नातेवाईक पुष्कळदा चुकीच्या दारात जाऊन बसतात, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी एक इजा जास्त फसवी असते. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी आणणारी नळी, म्हणजे मूत्रवाहिनी, गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून, गर्भाशयाच्या मुख्य धमनीच्या खालून जाते. धमनी बांधताना ती चिमट्यात किंवा टाक्यात सापडू शकते. मग लघवी त्या जखमी नळीतून योनीमार्गात झिरपते आणि त्या बाजूच्या मूत्रपिंडावर ताण येतो. यात बाई नेहमीसारखी लघवीला जाते, कारण दुसऱ्या बाजूची लघवी मूत्राशयात येतच असते. आणि सोबत गळतीही चालू राहते. हा फरक डॉक्टरांना जरूर सांगा.

मूत्राशयाच्या फिस्टुलाचं प्रमाण किती? इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतल्या 2000 ते 2008 या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा गर्भाशय काढण्याच्या साधारण 788 ऑपरेशन्समागे एक असं ते निघालं. अंग बाहेर येतं म्हणून खालून पिशवी काढली तर फारच कमी, सुमारे 3,861 मागे एक. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आजूबाजूच्या भागासकट मोठं ऑपरेशन केलं तर मात्र 87 मागे एक. सगळ्या सोयी असलेल्या ठिकाणीही हे घडतं. तेव्हा फिस्टुला झाला म्हणजे डॉक्टरचा निष्काळजीपणाच, असं सरसकट म्हणता येत नाही. पण ऑपरेशनच गरज नसताना झालेलं असेल तर हा धोका फुकटचा ओढवून घेतलेला असतो. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातं, पाळीत त्रास होतो, एवढ्यावर कोणी पिशवी काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. फिस्टुला टाळण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

पहिल्या आठवड्यात काय करायचं

गळती लक्षात आली की दोन दिवस एका कागदावर नोंद ठेवा: किती वेळा लघवीला गेलात, दरवेळी साधारण किती झाली, किती पॅड किंवा घड्या बदलल्या, रात्री झोपेतही ओलं होतं का, कुशीवर वळल्यावर वाढतं का. लहान भोकातली गळती एखाद्याच ठरावीक स्थितीत होते, आणि तपासणीच्या वेळी नेमकी दिसत नाही. हा कागद तेव्हा कामाला येतो. ताप, कुशीत किंवा पाठीत एका बाजूला दुखणं, पोट फुगणं, उलट्या यांपैकी काही असेल तर नोंदी करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. मूत्रवाहिनी अडलेली असू शकते आणि तिला वेळ देता येत नाही.

जिथे ऑपरेशन झालं तिथेच आधी जावं. त्या डॉक्टरांना आत काय घडलं हे माहीत असतं. पण तिथे नुसतं "पाणी जातंय, औषध देतो" असं उत्तर मिळालं, तर तुम्ही स्वतःहून विचारा: "हे लघवीच आहे की नाही, याची तपासणी कराल का?" योनीमार्गात साठलेलं पाणी घेऊन त्यातलं क्रिएटिनिन मोजलं की प्रश्न मिटतो. लघवी असेल तर ते रक्तातल्या क्रिएटिनिनच्या कित्येक पट निघतं. साधी, स्वस्त तपासणी आहे.

पुढची तपासणी निळ्या रंगाची. योनीमार्गात एकावर एक तीन कापसाचे बोळे ठेवतात, नळीतून मूत्राशयात मिथिलीन ब्लू मिसळलेलं पाणी भरतात, आणि दहा-पंधरा मिनिटं चालायला सांगतात. मग बोळे एकेक करून काढतात. सगळ्यात बाहेरचाच निळा असेल तर लघवी मूत्रमार्गातून गळते आहे, म्हणजे बहुधा भोक नाहीच. आतला निळा झाला तर मूत्राशयाला भोक आहे. आतला ओला आहे पण निळा नाही, तर संशय मूत्रवाहिनीवर. नर्स बोळे ट्रेमध्ये ओळीने मांडते, तेव्हा तुम्हीही डोकं वर करून बघायला हरकत नाही. आपल्या शरीरात काय बिघडलंय हे चित्रांपेक्षा त्या तीन बोळ्यांवरून जास्त नीट कळतं.

यानंतर दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघतात. भोक कुठे आहे, केवढं आहे, मूत्रवाहिन्यांच्या तोंडापासून किती लांब आहे, भोवतालचा भाग अजून लाल-सुजलेला आहे की निवळलाय, हे त्यात दिसतं. पूर्वी कर्करोग झालेला असेल तर कडेचा तुकडा तपासायला पाठवतात, कारण तिथे रोग परत आलेला असू शकतो. आणि सीटी युरोग्राफी, म्हणजे मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्यांचा सीटी स्कॅन, करतात. भोक मूत्राशयाला आहे हे कळल्यावरही ती वगळू नका. मूत्राशयाला भोक असलेल्या दहा जणींत एखादीची मूत्रवाहिनीही जखमी असते. ती राहून गेली तर मूत्राशयाची दुरुस्ती उत्तम होऊनही गळती चालूच राहते आणि सगळे म्हणतात ऑपरेशन फसलं.

भोक काही मिलिमीटरचंच असेल आणि लवकर सापडलं असेल, तर मूत्राशयात नळी ठेवून तीन-चार आठवडे वाट बघण्यात अर्थ आहे. लघवी सतत बाहेर पडत राहिली की भोकावर ताण येत नाही आणि ते आपोआप मिटू शकतं. मात्र असं साधारण दहात एकीचं होतं. महिनाभर नळी नीट चालूनही गळती तशीच असेल तर आणखी दोन महिने नळीवर काढू नका.

मूत्रवाहिनीचं गणित वेगळं आहे. तिथे वाट बघत बसायचं नसतं. दुर्बिणीतून डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी, सरकवता आला तर सहा-आठ आठवडे तो ठेवतात आणि बऱ्याच जणींची गळती तेवढ्यावर थांबते. सरकवता आला नाही तर मूत्रपिंडात पाठीतून नळी घालून आधी ते मोकळं करतात, आणि पुढे मूत्रवाहिनी सोडवून मूत्राशयाला नव्याने जोडतात. स्टेंट घातला असेल तर तो कधी काढायचा ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि कॅलेंडरवरही टाका. गळती थांबली की लोक स्टेंट विसरतात. महिनोन्‌महिने राहिलेल्या स्टेंटवर खडे धरतात आणि तो काढणं हेच वेगळं ऑपरेशन होऊन बसतं.

थांबायचं किती, आणि थांबताना काय

घरच्यांचा पहिला धोशा असतो की उद्याच शिवून टाका. ज्या डॉक्टरांच्या हातून ऑपरेशन झालं त्यांनाही बिचाऱ्यांना अपराधी वाटत असतं, तेही म्हणतात, परत घेऊ, चार टाके घालू. इथे थोडा दम धरा. सुजलेल्या, जंतू झालेल्या, ठिसूळ भागात टाके टिकत नाहीत. गळती अगदी पहिल्या काही दिवसांत सापडली आणि भाग स्वच्छ असेल तर काही अनुभवी सर्जन लगेच दुरुस्ती करतात, आणि ते योग्यही असतं. बाकी बहुतेक वेळा सहा ते बारा आठवडे थांबतात. ठरवायचं ते दिवस मोजून नव्हे, दुर्बिणीतून आतला भाग बघून. किरणोत्सर्गाचे उपचार झालेले असतील तर रक्तपुरवठा आटलेला असतो आणि सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं.

हे आठवडे कठीण जातात, पण रिकामे घालवायचे नसतात. पहिली गोष्ट पाण्याची. गळती कमी व्हावी म्हणून बायका पाणी पिणं तोडतात, आणि तिथेच चुकतात. लघवी दाट होते, वास वाढतो, त्वचा भाजल्यासारखी होते, जंतुसंसर्ग होतो. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्या. दरवेळी कपडा बदलताना साध्या पाण्याने धुवा, घासू नका, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. डेटॉल नको. पाळीचे पॅड रक्तासाठी बनवलेले असतात, लघवीला पुरत नाहीत. मोठ्या माणसांचे डायपर महाग पडत असतील तर जुन्या सुती धोतराच्या जाड घड्या धुऊन उन्हात वाळवून वापरल्या तरी चालतात.

हिमोग्लोबिन तपासा. ऑपरेशन झालेल्या, त्याआधी पाळीत रक्त गेलेल्या बाईचं ते बहुधा कमीच असतं, आणि रक्त कमी असलेल्या अंगात जखम रेंगाळते. लोहाच्या गोळ्या, डाळी, अंडी, जे घरात खाल्लं जातं ते. साखर असेल तर ती आटोक्यात आणा. आणि मिश्री. हा विषय डॉक्टर बायकांना विचारत नाहीत, बायकाही सांगत नाहीत, कारण ती दात घासायची वस्तू समजली जाते. मिश्री तंबाखूच आहे. तिच्यातल्या निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि दुरुस्तीचा सगळा भरवसा त्या बारीक रक्तवाहिन्यांवर असतो. निदान दुरुस्तीच्या महिनाभर आधी आणि नंतर पूर्ण बरं होईपर्यंत ती बंद ठेवा. पाळी गेलेली असेल किंवा पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उपयोगी पडतं का, हे विचारा. कर्करोग झालेला असेल तर विचारल्याशिवाय लावू नका.

घरच्या मंडळींसाठी एक-दोन गोष्टी. हा रोग संसर्गजन्य नाही. तिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चटईवर झोपावं असं काही नाही. स्वयंपाकघर आणि देवघर तिला बंद करण्याचं तर मुळीच कारण नाही. वासाबद्दल तिला आपणहून काही बोलू नका, तिला तो तुमच्या आधी येतो. नवऱ्याने तपासणीला सोबत जावं आणि डॉक्टर काय सांगतात ते स्वतः ऐकावं. "बाईचं दुखणं, सासूबाई जातील" असं करून चालत नाही, कारण पुढे तीन महिने शरीरसंबंध टाळायचे असतात आणि ते त्याला दुसऱ्याकडून कळू नये.

दुरुस्ती कोणाकडून आणि कशी

माझं ठाम मत असं: महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी हे ऑपरेशन करणाऱ्या माणसाकडे जा, भले तो दोन जिल्हे पलीकडे असो. मूत्ररोगतज्ज्ञ असो किंवा या कामात मुरलेला स्त्रीरोगतज्ज्ञ, पाटीपेक्षा सराव महत्त्वाचा. विचारायला लाजू नका: वर्षात अशी किती करता, खालून करणार की पोटातून आणि का, मूत्रवाहिन्या तपासल्या का, मध्ये कुठला पडदा ठेवणार, नळी किती दिवस, आणि रात्री दोन वाजता नळी तुंबली तर फोन कोणाला करायचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं तर बाकीची बहुधा चांगलीच असतात.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशन कार्ड, आधार आणि आधीच्या ऑपरेशनचे कागद घेऊन आधी त्याला भेटा. ऑपरेशन योजनेत बसतं का आणि त्या रुग्णालयाला त्याची मान्यता आहे का, हे तिथे कळतं. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे. या रुग्णालयांत मूत्ररोग विभाग आहेत, गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) आहे. तारीख उशिरा मिळते हे खरं. पण तुम्हाला थांबायचं असतंच, तेव्हा नाव आधी लावून ठेवा.

पहिल्या ऑपरेशनची टिपणी, म्हणजे आत काय सापडलं आणि काय केलं याची नोंद, मागून घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्यात असा 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवता येतं. ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आधी दुरुस्ती, मग भांडण. उलट क्रमाने गेलेल्यांची ताकद भलतीकडेच खर्च होते.

आता प्रत्यक्ष काम. खालून, योनीमार्गातून केलं तर पोटावर छेद येत नाही, दुखणं कमी, घरी लवकर जाता येतं. हात पोचत असेल तर बहुतेक भोकं अशीच मिटवता येतात. भोक फार वर असेल, मूत्रवाहिनीच्या तोंडाशी असेल किंवा मूत्रवाहिनीही जोडायची असेल, तर पोटातून, उघडून किंवा दुर्बिणीने, काही ठिकाणी रोबोटच्या साहाय्याने करतात. रोबोट म्हणून जास्त पैसे देऊ नका. तो सर्जन त्या पद्धतीने सराईत असेल तरच तिला किंमत आहे.

पद्धत कोणतीही असो, आतलं सूत्र एकच. आधी मूत्रवाहिन्यांत बारीक नळ्या घालून ठेवतात, म्हणजे त्या टाक्यात येत नाहीत. मग भोकाच्या भोवती योनीमार्गाची भिंत मूत्राशयापासून सुटी करतात, दोन्ही बाजूंना पुरेशी, म्हणजे कडा ओढून न आणता आपोआप जवळ याव्यात. या सोडवण्यातच ऑपरेशनचा बहुतेक वेळ जातो, टाके घालणं त्यामानाने चटकन होतं. मूत्राशय विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात आणि तिथेच थांबून निळं पाणी भरून बघतात. एक थेंबही झिरपला तर पुन्हा टाका घालतात. त्यावर दुसरा थर. मग मधे रक्तपुरवठा असलेला एक पडदा बसवतात: खालून केलं तर मोठ्या भगोष्ठातली चरबी, पोटातून केलं तर वपा, म्हणजे आतड्यांवर पसरलेली चरबीची झालर. शेवटी योनीमार्ग शिवतात, तोही असा की त्याची टाक्यांची रेघ मूत्राशयाच्या रेघेवर येऊ नये. प्रत्येकीला पडदा लागतोच असं नाही. पण आधीची दुरुस्ती फसलेली असेल किंवा किरणोत्सर्ग झालेला असेल तर तो न ठेवण्याचं कारण सर्जनने तुम्हाला सांगायला हवं.

ही सगळी विद्या ज्या अमेरिकन डॉक्टरच्या नावावर सांगतात त्या मॅरियन सिम्सने ती 1840 च्या दशकात अलाबामात गुलाम बायकांवर प्रयोग करून बसवली, भूल न देता. अनार्का नावाच्या मुलीवर त्याने सुमारे तीस वेळा ऑपरेशन केलं. चांदीच्या तारेचे टाके आणि नंतर मूत्राशयात नळी, या जोडीने अखेर तिचं भोक मिटलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा 2018 साली हलवला. तार गेली, नळी मात्र अजून तशीच आहे, आणि यश बरंचसं तिच्यावर ठरतं.

नळीचे दिवस

ऑपरेशननंतर साधारण दोन, कधी तीन आठवडे मूत्राशयात नळी राहते. मूत्राशय फुगलं की टाक्यांवर ताण येतो, म्हणून ते सतत रिकामं हवं. नळीला जोडलेली पिशवी कायम कंबरेच्या खाली धरा, झोपताना पलंगाच्या कडेला अडकवा, जमिनीवर ठेवू नका. नळीला पीळ पडलेला नाही ना, ती मांडीखाली दबलेली नाही ना, हे दर दोन तासांनी कोणीतरी बघावं. पहिले दोन आठवडे रात्रीसुद्धा. पिशवी अर्धी-पाऊण भरली की रिकामी करा. मांडीला चिकटपट्टीने नळी सैल बांधा, म्हणजे चालताना ओढ बसत नाही.

पिशवीत तासा-दोन तासांत काहीच आलं नाही आणि ओटीपोट ताणल्यासारखं दुखू लागलं, तर नळी तुंबली आहे. सकाळपर्यंत थांबू नका. ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात जा, आणि वाटेतल्या दवाखान्यात कोणाला नळी काढून नवी घालू देऊ नका. न बघता घातलेली नळी टाक्यांतून आरपार गेल्याची उदाहरणं आहेत. लघवी गुलाबीसर असणं चालतं, रक्ताच्या गाठी चालत नाहीत.

एका गोष्टीने बायका हमखास घाबरतात. मधेच कळ येते आणि नळीच्या बाजूने थोडी लघवी येते. लगेच वाटतं, गेलं, परत सुरू झालं. बहुतेकदा ते मूत्राशयाचं आखडणं असतं आणि लघवी मूत्रमार्गातून, म्हणजे नैसर्गिक वाटेनेच, आलेली असते. त्यावर गोळी मिळते. कळवा, पण रडत बसू नका.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथण्याचा जोर थेट टाक्यांवर येतो. इसबगोल, पपई, पाणी. सहा आठवडे पाण्याचा हंडा, भरलेली बादली, गॅसचं सिलिंडर, नातवंड काहीच उचलायचं नाही. उकिडवं बसून धुणं-भांडी नकोत. शरीरसंबंध तीन महिने नाहीत, योनीमार्गात काहीही घालायचं नाही, कोणी आतून तपासू म्हटलं तरी आधी सर्जनला विचारायला सांगा.

नळी काढण्याआधी बहुतेक जण मूत्राशयात रंगाचं औषध भरून एक्स-रे काढतात. कुठे झिरपत असेल तर नळी आणखी आठवडा-दोन आठवडे ठेवतात आणि पुष्कळदा तेवढ्याने भागतं. काढल्यावर पहिले काही दिवस दर दोन तासांनी लघवीला जा, इच्छा असो-नसो. मूत्राशय इतके दिवस रिकामं राहिल्याने आकसलेलं असतं. वारंवार जावं लागणं, घाई होणं हे काही आठवडे चालतं आणि हळूहळू कमी होतं. भोक मिटूनही खोकल्यावर-शिंकेवर थोडं गळत असेल तर तो वेगळा त्रास आहे आणि त्याचे उपायही वेगळे आहेत. त्यावरून दुरुस्ती फसली असं ठरवू नका, निळ्या रंगाची तपासणी पुन्हा करून घ्या.

हे सगळं लघवीच्या गळतीचं झालं. योनीमार्गातून वारा किंवा शौच येत असेल तर भोक गुदाशयाला आहे. बाळंतपणातल्या मोठ्या फाटण्यानंतर किंवा गुदाशयाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर हे होतं. तिथे आतड्याच्या सर्जनकडे जायचं आणि कधीकधी काही महिन्यांसाठी पोटावर शौचाची पिशवी करून घ्यावी लागते. ती नको म्हणून अडून बसू नका. सिझेरियननंतर पाळी बंद होऊन दर महिन्याला लघवीतून रक्त जाऊ लागलं, आणि गळती मात्र नाही, तर मूत्राशय आणि गर्भाशय यांच्यात वाट झालेली असू शकते. हे दुर्मीळ आहे, पण मुतखडा समजून वर्षानुवर्षं त्यावर औषधं चालतात.

आणि मूत्राशयाची पहिली दुरुस्ती फसलीच तर? किमान तीन महिने जाऊ द्या. त्याच ठिकाणी लगेच दुसरा प्रयत्न करून घेऊ नका. मोठ्या केंद्रात, फसलेल्या केसेस नेहमी हाताळणाऱ्या माणसाकडे जा आणि दोन्ही ऑपरेशन्सच्या टिपण्या सोबत न्या. दुसऱ्या खेपेला यश थोडं कमी मिळतं, पण मिळतं. किरणोत्सर्गानंतरच्या काही मोजक्या भोकांत मात्र दुरुस्ती शक्यच नसते आणि लघवीची वाट आतड्याच्या तुकड्यातून पोटावर वळवावी लागते. सतत ओलं राहण्यापेक्षा ती बरी वाटते असं सांगणाऱ्या बायका आहेत.

सगळं कोरडं झाल्यावरही कागदांची फाइल टाकू नका. मूत्रवाहिनी जोडलेली असेल तर वर्षभर मधूनमधून सोनोग्राफी करून त्या बाजूचं मूत्रपिंड फुगत नाही ना हे बघावं लागतं, कारण जोड आवळत गेला तरी दुखत नाही. आणि पुढे कधी पोटाचं कुठलंही ऑपरेशन निघालं, साधं हर्नियाचं असलं तरी, भूल देण्याआधी ती फाइल सर्जनच्या टेबलावर ठेवा.